शस्त्राची साक्ष
(गांधीखुनातील पिस्तूल आणि ओळखीचे तीन प्रश्न)

खुनाच्या खटल्यात माणसे साक्ष फिरवतात, विसरतात, घाबरतात किंवा लोभाला बळी पडतात. शस्त्र मात्र खोटे बोलत नाही, असा आपल्या सर्वांचा एक समज असतो. जप्त केलेले पिस्तूल न्यायालयाच्या मेजावर ठेवले, तज्ज्ञाने ‘हेच ते’ असे सांगितले की प्रश्न मिटला, असे आपण धरून चालतो. वस्तुतः राजकीय खुनांचा इतिहास चाळला तर उलटाच अनुभव येतो. माणसे फासावर गेली, आयोग बसले, अहवाल निघाले, तरी शस्त्राविषयीचा वाद मागे उरलाच. महात्मा गांधींच्या खुनातील पिस्तुलाविषयी तर सत्तर वर्षांनंतर सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला गेला.

हा वाद केवळ शस्त्रांची आवड असणाऱ्यांचा नाही. ज्यांनी कट रचला आणि ज्याने चाप ओढला ती माणसे आपल्या महाराष्ट्रातली, बहुतेक पुणे-अहमदनगरकडची होती. शस्त्राविषयी निर्माण केलेल्या शंकेतून खुनाची जबाबदारीच पुसट करता येते काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार मी इतिहासाचा एक विद्यार्थी या नात्याने प्रस्तुत लेखात करणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : ‘शस्त्राची ओळख’ या शब्दाखाली तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. ते वेगळे केले नाहीत तर एका प्रश्नातील शंका दुसऱ्या प्रश्नाला चिकटते आणि सगळाच निकाल डळमळीत भासू लागतो.

ओळख म्हणजे काय?

पहिला प्रश्न जातीचा. शस्त्र रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, कोणत्या कारखान्याचे, किती मापाच्या गोळीचे? रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात असतात आणि गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी चक्रातच राहते. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये असतात आणि प्रत्येक गोळीबरोबर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. बोलण्यात आपण दोन्ही शब्द सरसकट वापरतो, वृत्तपत्रेही वापरतात. तपासात मात्र हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण घटनास्थळी पुंगळ्या सापडल्या की नाही यावरून शस्त्राची जात कळण्यास मदत होते.

दुसरा प्रश्न ‘तेच का?’ हा. चांगल्या बनावटीच्या पिस्तुलाच्या नळीत आतून वळणदार आटे पाडलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिची दिशा स्थिर राहते. आट्यांच्या खुणा गोळीच्या अंगावर उमटतात. पुंगळीच्या बुडावर आघात करणाऱ्या खिळीचा ठसा उमटतो. हत्याराने धातू कापताना प्रत्येक नळीत बारीकसारीक फरक राहतात, म्हणून एकाच कारखान्याच्या दोन पिस्तुलांच्या खुणा तंतोतंत सारख्या नसतात, हे या शास्त्राचे गृहीतक आहे. प्रयोगशाळेत संशयित पिस्तुलातून चाचणीची गोळी झाडतात आणि ती व घटनास्थळीची गोळी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहतात. हे उपकरण अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात कॅल्व्हिन गोडार्ड आणि फिलिप ग्रॅव्हेल यांच्या प्रयत्नांतून या कामी रूढ झाले. १९२७ साली साको आणि व्हॅन्झेटी यांच्या गाजलेल्या प्रकरणात गोडार्ड यांनी त्याचा उपयोग केला.

तिसरा प्रश्न वाटेचा. हे शस्त्र कोणाकडून कोणाकडे आले? कोणी विकले, कोणी पोचवले, कोणी लपवले? या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शक देऊ शकत नाही. ते माणसांच्याच साक्षींतून आणि कागदपत्रांतून शोधावे लागते, आणि कटाचा पसारा किती हे त्यावरच ठरते.

नाशिकचे ब्राउनिंग

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व किती, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आधीच घडून गेलेले आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कोणी झाडल्या याविषयी वाद नव्हता. कान्हेरे जागेवरच पकडले गेले. पण हातातले ब्राउनिंग पिस्तूल आले कुठून, या प्रश्नाने खटल्याला दुसरेच वळण दिले. लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली होती, आणि हे त्यांपैकीच एक, असे सरकारपक्षाने मांडले. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे जानेवारी १९११ मध्ये जॅक्सन यांच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल सावरकरांना जन्मठेपेची दुसरी शिक्षा झाली. खुनाच्या वेळी हजारो मैल दूर असलेल्या माणसाला त्या खुनाशी जोडणारा मुख्य दुवा पिस्तुलाची वाट हाच होता.

दिल्लीचे बेरेटा

आता मूळ विषयाकडे येऊ. ३० जानेवारी १९४८, शुक्रवार. सायंकाळी पाच वाजून गेल्यावर बिर्ला भवनाच्या हिरवळीवरून गांधीजी प्रार्थनास्थळाकडे जात असता नथुराम गोडसेने त्यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. तुघलक रोड पोलीस ठाण्यात त्याच संध्याकाळी नंदलाल मेहता यांच्या सांगण्यावरून उर्दूत फिर्याद नोंदवली गेली. दोनतीन फुटांवरून तीन गोळ्या झाडल्याचे तीत नमूद आहे.

पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे जातीचे, उत्तर स्पष्ट आहे. जप्त झालेले शस्त्र इटलीच्या बेरेटा कंपनीचे १९३४ च्या नमुन्याचे, आपोआप भरणारे पिस्तूल होते. त्याचा क्रमांक ६०६८२४. या नमुन्याच्या मॅगझिनमध्ये सात काडतुसे बसतात. तरीही घोळ होतोच. अनेक लेखांत ते ‘१९३४ साली बनवलेले पिस्तूल’ म्हणून येते. १९३४ हे नमुन्याच्या नावातले वर्ष आहे. हा नमुना पुढे अनेक वर्षे तयार होत राहिला, म्हणून नावातील वर्षावरून त्या विशिष्ट पिस्तुलाचे जन्मवर्ष ठरत नाही. मापाचीही तीच गत. इटालियन लोक ज्याला ‘नऊ मिलिमीटर कोर्तो’, म्हणजे आखूड, म्हणतात त्यालाच इंग्रजी-अमेरिकन पद्धतीत ‘पॉइंट तीनशे ऐंशी’ म्हणतात. एका पुस्तकात नऊ मिलिमीटर आणि दुसऱ्यात पॉइंट तीनशे ऐंशी वाचून दोन वेगळी शस्त्रे होती असे मानणे म्हणजे एकाच माणसाला घरच्या आणि शाळेतल्या अशा दोन नावांमुळे दोन माणसे समजण्यासारखे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही खटल्यात मिळाले. लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे चाललेल्या खटल्यात पिस्तूल, गोळ्या आणि पुंगळ्या यांविषयी तज्ज्ञाची साक्ष झाली. त्याखेरीज नथुराम पिस्तुलासह जागेवरच पकडला गेला होता, आणि गोळ्या आपणच झाडल्या हे त्याने न्यायालयात कबूल केले होते. म्हणजे सूक्ष्मदर्शकाची साक्ष ही अनेक साक्षींपैकी एक होती. सगळा भार तिच्यावर नव्हता.

चौथी गोळी

तरीही वाद उभा राहिला तो गोळ्यांच्या संख्येवरून. मुंबईचे डॉ. पंकज फडणीस यांनी या प्रकरणाचा फेरतपास व्हावा अशी मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ती फेटाळल्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. मॅगझिन सात काडतुसांचे. पिस्तुलात चार काडतुसे शिल्लक सापडली. म्हणजे त्यातून तीनच गोळ्या सुटल्या. पण त्या वेळच्या काही बातम्यांत चार गोळ्यांचा उल्लेख आहे. तेव्हा चौथी गोळी दुसऱ्या शस्त्रातून, दुसऱ्या कोणा माणसाने झाडली असली पाहिजे.

या युक्तिवादाचे दोन आधार तपासून पाहू. पहिला आधार ऐकीव संख्येचा. त्या वेळी बिर्ला भवनात हजर असलेले अमेरिकन पत्रकार व्हिन्सेंट शीन यांनीही चार आवाज ऐकल्याचे लिहून ठेवले आहे. पण अचानक झालेल्या स्फोटांचे आवाज मोजण्याइतके भान कोणाला असते? त्यातून आजूबाजूच्या इमारतींवरून येणारा प्रतिध्वनी निराळाच. एकाच घटनेच्या चार साक्षीदारांनी चार आकडे सांगावेत हे नेहमीचेच आहे. त्यातून फार तर एवढे सिद्ध होते की माणसांचे कान मोजमापाचे यंत्र नाहीत.

दुसरा आधार वजाबाकीचा. सातातून चार गेले, तीन उरले. ही वजाबाकी तेव्हाच खरी, जेव्हा सुरुवातीला नेमकी सातच काडतुसे होती हे आपल्याला माहीत असेल. अशा पिस्तुलात एक काडतूस आधी नळीत चढवून मॅगझिन पुन्हा पूर्ण भरता येते, आणि कमी काडतुसे भरूनही चालते. म्हणून शिल्लक मोजून सुटलेल्या गोळ्या सांगण्याची पद्धत मुळातच लंगडी आहे. जो युक्तिवाद चौथी गोळी दुसऱ्या पिस्तुलावर ढकलतो, तो स्वतःच या एका न तपासलेल्या गृहीतावर उभा आहे.

मग तीन ही संख्या कशावरून? ३१ जानेवारीच्या सकाळी लेफ्टनंट कर्नल तनेजा या डॉक्टरांनी पार्थिवाची बाहेरून तपासणी केली होती. गोळ्या आत शिरल्याच्या तीन जखमा आणि दोन गोळ्या आरपार गेल्याच्या जखमा, असा त्याचा मेळ आहे. शवविच्छेदन झाले नाही, ही गोष्ट खरी. शास्त्रीय दृष्टीने ती उणीव आहे, आणि शंकेला जागा तिथेच मिळाली. पण शवविच्छेदन न होणे ही चौथ्या गोळीची साक्ष होऊ शकत नाही. पुराव्याची उणीव आणि विरुद्ध पुरावा या दोन गोष्टी भिन्न आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा भेद पाठच करून ठेवावा असे मला वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायालयाचे मित्र म्हणून नेमले. गोळ्या, पिस्तूल, मारेकरी, कट आणि त्यामागील विचारसरणी या सर्वांची योग्य ओळख पटलेली आहे, असा त्यांच्या अहवालाचा आशय होता. २८ मार्च २०१८ रोजी न्यायमूर्ती बोबडे आणि न्यायमूर्ती नागेश्वर राव यांनी याचिका फेटाळली.

पिस्तूल कुठून आले?

खरी अनुत्तरित जागा तिसऱ्या प्रश्नात आहे, आणि गंमत अशी की तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. २० जानेवारी १९४८ च्या फसलेल्या प्रयत्नाच्या वेळी कटवाल्यांजवळ दोन रिव्हॉल्व्हरे होती. दिल्लीच्या हिंदुमहासभा भवनामागील झाडीत ती चालवून पाहिली, तेव्हा दोन्ही कुचकामी ठरली. मदनलाल पाहवा स्फोटानंतर पकडला गेला. मुंबईत माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालकडून पूर्वी ऐकलेली हकीकत दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातली. इकडे गोडसे आणि आपटे मुंबईत परतून चांगल्या शस्त्राच्या शोधात होते. भुलेश्वरच्या दीक्षितजी महाराजांकडे त्यांनी रिव्हॉल्व्हर मागितले, मिळाले नाही. २७ जानेवारीला ते विमानाने दिल्लीला आणि तिथून रात्रीच्या गाडीने ग्वाल्हेरला गेले.

ग्वाल्हेरच्या डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या कबुलीजबाबानुसार २८ जानेवारीला त्यांच्या घरी गंगाधर दंडवते याने जगदीशप्रसाद गोयल याच्याकडून हे बेरेटा आणून दिले. परचुरे यांनी हा कबुलीजबाब नंतर मागे घेतला. नथुरामने न्यायालयात वेगळेच सांगितले : पिस्तूल आपण दिल्लीत निर्वासितांच्या छावणीत विकत घेतले. न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात परचुरे यांना दोषी धरले. पण पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने २१ जून १९४९ रोजी, कबुलीजबाब स्वेच्छेने दिलेला मानता येत नाही म्हणून, त्यांना निर्दोष सोडले. दंडवते फरारी होता. गोयल याच्या मागे ते पिस्तूल कोणाकडे होते, याविषयी अनेक कथा सांगितल्या जातात; न्यायालयात सिद्ध झालेली एकही नाही.

नाशिकच्या ब्राउनिंगची वाट लंडनपर्यंत दाखवली गेली. दिल्लीच्या बेरेटाची वाट ग्वाल्हेरच्या एका घरापाशी येऊन पुसट झाली. या पुसटपणामुळे कोणाला किती मदत झाली, कटाचा घेर केवढा होता, हे प्रश्न मोकळे राहतात, आणि ते विचारणे रास्तच आहे. पण गोळ्या कोणी झाडल्या या प्रश्नाला त्याने धक्का लागत नाही. ‘चौथ्या गोळी’च्या वादाने मात्र नेमकी उलट कामगिरी केली. जे सिद्ध झाले होते तिथे शंका पेरली, आणि जिथे खरोखर शोध हवा होता तिथून लक्ष दुसरीकडे वळवले.

शस्त्रच हाती नसताना

गांधीखुनात शस्त्र हाती होते. ते हाती नसले तर काय होते, हे आपल्या पिढीने पाहिले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला प्रा. कलबुर्गी, आणि ५ सप्टेंबर २०१७ ला बेंगळुरूला गौरी लंकेश मारल्या गेल्या. मागे राहिल्या त्या गोळ्या आणि पुंगळ्या, ७.६५ मिलिमीटरच्या, गावठी बनावटीच्या पिस्तुलांतून सुटलेल्या.

गावठी कट्ट्याची नळी कारखान्यात यंत्रावर कापलेली नसते. आटे ओबडधोबड असतात, कधी नसतातही. त्यामुळे गोळीवरच्या खुणा वाचणे अवघड जाते आणि पुंगळीवरील खिळीच्या ठशावर अधिक भिस्त ठेवावी लागते. दाभोलकरांच्या खुनानंतर सुरुवातीला पोलिसांनी दोघा शस्त्रविक्रेत्यांना धरले. त्यांच्याकडचे पिस्तूल जुळल्याच्या बातम्या आल्या. पण मुदतीत आरोपपत्र दाखल झाले नाही आणि २०१४ साली त्यांना जामीन मिळाला. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या खुनांत तेच शस्त्र वापरले गेले की नाही, याविषयी आपल्या कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा आणि बेंगळुरूच्या प्रयोगशाळेचा अहवाल यांत एकवाक्यता नव्हती. मग लंडनच्या स्कॉटलंड यार्डकडून मत मागवण्याचे ठरले. त्यासाठी लागणारा करार नाही म्हणून तेही बारगळले, आणि गुजरातच्या प्रयोगशाळेकडे वळावे लागले. पिस्तुले मोडून खारेगावच्या खाडीत फेकली असे तपासयंत्रणेने सांगितले. मुलुंडहून ही खाडी फार दूर नाही. परदेशी पाणबुड्यांनी तळ धुंडाळून २०२० साली एक पिस्तूल वर काढल्याचे जाहीर झाले. शेवटी १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. शिक्षेचा मुख्य आधार होता तो प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीचा.

दोन प्रयोगशाळांत मतभेद झाला म्हणजे शास्त्र खोटे ठरले, असे नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालातच म्हटले आहे की अशा खुणांची जुळणी अखेर परीक्षकाच्या निर्णयावर अवलंबून असते, आणि तिचा शास्त्रीय पाया अधिक पक्का होण्याची गरज आहे. आपला कायदाही तज्ज्ञाच्या म्हणण्याला ‘मत’ असाच शब्द वापरतो. पुराव्याच्या जुन्या कायद्यात ते कलम ४५ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ३९ आहे. मत म्हणजे निकाल नव्हे. ते इतर पुराव्यांच्या शेजारी ठेवूनच तोलायचे असते.

समारोप

तेव्हा राजकीय खुनाच्या शस्त्राविषयी कोणी नवा दावा केला तर आपण त्याला प्रथम एकच विचारावे : ही शंका तीनपैकी कोणत्या प्रश्नाची? जातीची, तेच-का ची, की वाटेची? जातीतील घोळ बहुधा शब्दांचा असतो आणि थोड्या अभ्यासाने सुटतो. ‘तेच का’ या प्रश्नात तज्ज्ञाच्या मताची मर्यादा ओळखावी लागते, मग ते मत आपल्या बाजूचे असो वा विरुद्ध बाजूचे. वाटेचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तिथे गप्प राहिलेली माणसे असतात.

दाभोलकरांच्या कुटुंबीयांना पहिल्या निकालासाठी जवळजवळ अकरा वर्षे थांबावे लागले. शस्त्र सापडत नाही आणि मते जुळत नाहीत, याची किंमत अशी जिवंत माणसे मोजतात. गांधीजींच्या बाबतीत शस्त्रही होते, साक्षीही होत्या, कबुलीही होती. ते सारे असताना केवळ एका वजाबाकीच्या जोरावर मारेकऱ्याचा हात धूसर करू पाहणे, हे ज्यांच्या बाबतीत यांतले फारसे काही हाती नव्हते त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. शंका घेणे हा अभ्यासकाचा हक्कच आहे. पण ती कोणत्या जागी घ्यायची, हे ठरवण्याची जबाबदारीही त्याच्याचकडे येते.